हात बघून धार

पहिली ओढ

"चोक ओढायचो, दोरी दोनदा खेचायची, चोक आत ढकलायचो, मगे परत खेचायची. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ह्या बोटान रेस."

"होय."

"बघा मेस्त्रीनू, शिकलंय की नाय? आमच्या म्हाताऱ्यान आयुष्यभर कुऱ्हाड मारल्यान. तासभर घाम गाळी. मी पाच मिनटात होळी आडवी करतंय."

सगुण पांचाळ माझ्या धार लावायच्या दुकानातल्या बाकावरच्या मशीनवरून बोट फिरवत बोलत होते. झाडं तोडायची पेट्रोलची मशीन, अठरा इंची पट्टी, नारिंगी रंग जागोजाग उडालेला. मशीन त्यांची नव्हती, लवू गवसाची होती. पण होळीच्या दिवशी मानकऱ्याने मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

सगुणभावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे यजमान. गोव्यात औषधांच्या कंपनीत सुपरवायझर. त्यांच्या गावात होळीचं झाड तोडायचा मान सुतारांच्या घराचा, म्हणजे त्यांचा. वडील पावसाळ्यात गेले, त्यामुळे यंदा तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला होता. त्यांच्या तळहातावर एकही घट्टा नव्हता.

"चालू करून बघू?"

"नको. बाजार आसा. लोक बोंबलतले."

"होळीक बोंबलूक नाय तर कदी बोंबलूक?" ते हसले. त्यांचं हसणं चांगलं होतं, कोणालाही आवडेल असं. मी टाकीत पेट्रोल आणि ऑईल भरलं, झाकण घट्ट केलं. मशीन स्कूटरच्या पायरीवर दोन पायांच्या मध्ये उभी करून ते तिठ्यावरून डावीकडे वळले.

पण ही गोष्ट अशी सुरू होत नाही. मशीन थंड असली की पहिल्या ओढीला नुसती खोकते. हात परत मागे न्यावा लागतो.

दुसरी ओढ

त्याच्या चार दिवस आधी.

लवू गवस म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला झाडं तोडणारा एक नंबरचा माणूस. उंचीने कमी, खांदे बैलासारखे, आणि डावखुरा. डावखुऱ्यासाठी ही मशीन कोणी बनवतच नाही. सगळं उजव्या हाताच्या हिशेबाने केलेलं असतं. लवू ती उलटी धरायचा आणि दिवसभर बनवणाऱ्याच्या आईबापाचा उद्धार करायचा.

"मेस्त्री, हेका आता माज्या जोगी कर," त्याने मशीन बाकावर आपटली.

त्याला चार गोष्टी हव्या होत्या. बंद करायचं बटण उजव्या अंगठ्याजवळ असतं, ते काढून दुसऱ्या बाजूला. हातासमोरची आडवी दांडी काढून टाकायची, कारण ती झुडपांत अडकते. सायलेन्सर आतून मोकळा करायचा, म्हणजे इंजिनाला दम येतो. आणि चेन. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बोथट खुंटी असते. दाताने एका फेऱ्यात किती लाकूड खायचं ते ती खुंटी ठरवते. लवूला ती घासून खाली हवी होती.

"किती खाली?"

"खाऊ दे तेका पोटभर."

माझे बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसलेले असत. त्यांच्या काळात माणसं करवती घेऊन यायची. बाबा करवत बाजूला ठेवायचे, गिऱ्हाइकाचा हात उलटा करायचे, अंगठ्याखालचं मांस दाबून बघायचे आणि मगच कानस निवडायचे. कोणाला लांब दात, कोणाला आखूड. 'हात बघून धार,' म्हणायचे. त्यांच्या हयातीत त्यांच्या करवतीने कोणाचं नख गेलं नाही.

"ती दांडी काढतस ती कशासाठी आसा, म्हायत आसा?" त्यांनी कोपऱ्यातून विचारलं.

"म्हायत आसा, म्हाताऱ्यानू," लवू म्हणाला. "मशीन उसळली की दांडी मनगटाक लागता आणि चेन जाग्यार थांबता. माजी उसळत नाय."

"हात दाखव."

लवूने हसत डावा हात पुढे केला. बाबांनी तो दाबला, वास घेतल्यासारखा जवळ नेला, सोडला.

"हेका दी," ते मला म्हणाले. "दुसऱ्या कोणाक नको."

"मी माजी बायल आणि माजी मशीन दुसऱ्याक देयत नाय."

"बायल तुजा ऐकता तरी?"

"म्हणान तर मशीन होयी!"

आम्ही तिघेही हसलो. मी दोन दिवस काम केलं. जुन्या बटणाचं भोक बुजवलं, वर काळा रंग मारला, आधी तिथे काही होतं हे कळूही नये असं. काम सुबक झालं होतं, खोटं कशाला बोलू. बाहेर नेऊन ऐनाच्या ओंडक्यावर लावली तर तिने तो ओंडका माझ्या हातून ओढून घेतला. समोरच्या सलूनमधले दोघे तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आले. रेस सोडली तरी चेन सरपटत राहत होती. तीही लवूचीच, मागाहून केलेली मागणी, वारंवार दोरी ओढायला नको म्हणून.

काम झाल्यावर मी मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवली. का, ते माहीत नाही.

तिसरी ओढ

आमच्या घरात खरा हात शालनचा होता.

बाबांनी मला कानस शिकवली, तिला शिकवलीच नाही. ती बघून शिकली. बारा वर्षांची असताना तिने माझ्या हातून करवत घेतली आणि म्हणाली, "दादा, तू दाताक घासतस. तेका नुसता सांगूचा असता." लग्न होईपर्यंत दुकानातल्या अर्ध्या करवती तीच करायची. गिऱ्हाइकांना आम्ही सांगायचो नाही.

आदल्या दिवाळीत भाऊबिजेला गेलो होतो. तिने ओवाळताना ताम्हन डाव्या हातात धरलं होतं. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरातून बाहेरच्या बाजूला वळलेली.

"काय झाला?"

"वरवंटो पडलो."

वरवंटा पडला तर बोट चेचतं, वळत नाही. मी सुताराचा मुलगा आहे. मुळावर जोर देऊन वाकवलेली फांदी कशी दिसते ते मला कळतं.

सगुणभावोजी शेजारी बसून करंजी खात होते. "एक घेवा मेस्त्रीनू," म्हणाले, "तुमच्या भयणीच्या हाताची."

मी घेतली. खाल्ली.

त्या बोटाने कानस धरता येणार नव्हती.

चौथी

होळीच्या दिवशी बाबा समोरच्या सलूनमधून दाढी करून आले तेव्हा दीड वाजला होता. गालाला तुरटीचा वास. स्टुलावर बसण्याआधीच त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"लवूची मशीन खंय?"

"गेली."

"लवू येवन गेलो?"

"सगुणभावोजी घेवन गेले. होळी तोडूक."

बाबा बसले. रस्त्यावरून पोरं टिमक्या वाजवत गेली.

"हात बघलंस?"

"बघलंय."

त्यांनी मान डोलावली, जसं काही मी त्यांना किती वाजले ते सांगितलं होतं. मग म्हणाले, "यंदा दिवो कोण धरतलो?"

"खयचो दिवो?"

"तुका म्हायत नाय," ते म्हणाले. "तू त्या गावात होळीक कदी गेलंसच नाय. मानकरी झाडाक हात लावता तेवा तेची बायल डाव्या अंगाक दिवो घेवन उभी रवता. हातभर लांब. झाड हालापर्यंत तिना हालूचा नाय. सगुणाच्या बापाशीची बायल लवकर गेली, म्हणान वीस वर्सां दिवो दगडार ठेवत. यंदा मानकऱ्याक बायल आसा."

मला पुढचं नीट आठवत नाही. शटर मी ओढलं की बाबांनी, तेही नाही. त्या गावात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. लवूचा फोन लागला, पण तो पिऊन पडला होता. त्याच्या बायकोने तेवढंच सांगितलं. मोटरसायकलला किक मारताना बाबा पायरीवर उभे होते. त्यांनी 'लवकर जा' म्हटलं नाही.

नऊ किलोमीटर. मध्ये एक घाटी.

घाटीच्या दुसऱ्या वळणावर मला ती ऐकू आली.

माझीच मशीन. सायलेन्सर मोकळा केल्यावर तिला एक फाटका, खरखरीत सूर आला होता, तो शंभर मशिनींत मी ओळखला असता. आवाज दरीच्या पलीकडून येत होता. लाकडात शिरली की सूर खाली बसतो, रिकामी फिरली की वर चढतो. खाली. वर. वर. वर. म्हणजे हा माणूस नुसता हवेत फिरवतोय, लोकांना दाखवतोय. मग खाली, एकदम खाली, गुदमरल्यासारखा.

मग बंद.

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. दरीत पाखरू बोलत नव्हतं. ढोलही थांबला होता. मी मोजत होतो, पण काय मोजत होतो?

दहा. अकरा.

दोरी ओढल्याचा आवाज. खोकला. परत दोरी. आणि ती पेटली.

मी किक मारली.

देवळाखालच्या उतारावर, मोकळ्या जागेत आंब्याचं झाड. भोवती चाळीसेक माणसं खांद्यावर टॉवेल टाकून दाटीने उभी. होळीचं झाड जमिनीला टेकू द्यायचं नसतं. पडतं तेव्हा ते खांद्यावर झेलायचं आणि तसंच देवळापर्यंत नाचवत न्यायचं. म्हणून कोणी लांब उभा नव्हता. ज्याला मान हवा तो जवळ.

मी ओरडलो. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही. सायलेन्सर मी मोकळा केला होता, आणि फार चांगला केला होता.

माणसं बाजूला सारत मी आत घुसलो तेव्हा आधी डावीकडे बघितलं. सगुणभावोजींच्या डाव्या अंगाला कोणी नव्हतं. दगडावर दिवा ठेवलेला, ज्योत त्या आवाजाने थरथरत होती.

शालन दहा पावलांवर होती. फणसाच्या बुंध्याच्या आडोशाला. हाताची घडी घातलेली. नवी साडी, कपाळाला हळद. तिने मला बघितलं आणि मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

ती सुखरूप होती. मी तिथेच थांबू शकलो असतो.

सगुणभावोजींनी पट्टी बुंध्यात निम्म्यापर्यंत नेऊन अडकवली होती आणि आता ती हिसके देऊन सोडवत होते. पट्टी सुटली. पट्टीचं टोक वर उचललं गेलं. वर, बुंध्याच्या पुढ्यात, आंब्याची एक जाड गाठ होती. टोक त्या गाठीला लागलं की मशीन मागे येणार, तोंडावर, हे लवूला माहीत होतं, मला माहीत होतं, बाबांना स्टुलावर बसून माहीत होतं. सगुणभावोजींनी रेस सोडली होती. चेन सरपटतच होती.

मी मागून हात घातला. उजवा अंगठा बटणावर. दहा वर्षं हजारदा जिथे गेला तिथे अंगठा आपोआप गेला. तिथे गुळगुळीत बुजवलेलं भोक होतं. काळा रंग. सुबक काम.

अंगठा तिथेच दाबत राहिला. एक क्षण. मग मी डाव्या हाताने पुढचं मुठीचं कडं धरायला गेलो, आणि त्याच वेळी टोक गाठीला लागलं.

दांडी तिथेच असते. बोटांसमोर.

सगुणभावोजींच्या गालावर एक ओरखडा उठला. तेवढाच. झाड तसंच उभं राहिलं. ते मग संध्याकाळी कुऱ्हाडीने तोडलं, म्हणे, आणि जमिनीला टेकू दिलं नाही.

पहिलीच, पुन्हा

आता त्याला चौदा वर्षं झाली. बाबा नाहीत. माझ्या डाव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी. तेवढ्याने चेन धरता येते. गिऱ्हाईक आधी माझा हात बघतं, मग मशीन खाली ठेवतं, आणि मग मी सांगतो ते निमूट ऐकतं. दरवर्षी होळीला त्या गावातून मला नारळ येतो. मेव्हण्यासाठी हात घालणारा म्हणून पहिला टिळा मला लावतात. मी जातो. लावून घेतो.

पहिल्या ओढीत मी काही बोलणी गाळली. ती अशी होती.

"मेस्त्रीनू, लवून सांगल्यान, मेस्त्रीक म्हणा चेन बदलून दी," सगुणभावोजी म्हणाले होते. "ही चेन माजी, लवू म्हणालो, ती दुसऱ्याक चालाची नाय. आणि कसली दांडी ती परत लावन घेवा. बटणाचा पण कायतरी सांगल्यान, ता माका समाजला नाय."

दुसरी चेन माझ्या डोक्यामागे खिळ्यावर होती. दांडी खालच्या खणात, स्क्रूसकट, कागदात गुंडाळलेली. दहा मिनिटांचं काम.

मी त्यांचे हात बघितले. नीट बघितले. मऊ, स्वच्छ, नखं कापलेली. ते हात काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, दोन्ही बघितलं.

"सगळा केलंय," मी म्हणालो. "न्हेवा."

"चालू करून बघू?"

"नको. बाजार आसा."

बाजार होताच. पण समोर सलूनमध्ये बाबा होते, आणि त्यांनी तो आवाज ओळखला असता.

शेवटची

इस्पितळात तिसऱ्या दिवशी सगुणभावोजी येऊन माझ्या पायाशी बसून रडले. "मेस्त्रीनू, माजो जीव तुमी दिलास," म्हणाले. खरंच रडत होते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा डोळे पुसू लागला. मग ते औषधं आणायला खाली गेले.

शालन पेज घेऊन आली होती. चमच्याने भरवत होती. चमचा तिने मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरला होता. वळलेली तर्जनी बाहेर, एकटी.

"दुखता?"

"गेलेली बोटा दुखतत. ऱ्हवलेली नाय."

"तसाच असता," ती म्हणाली.

एक चमचा. मिठाची कणी दाताखाली आली.

"दिवो घेवन मी जवळ गेलंय," ती पेजेत बघत म्हणाली. "दांडी नव्हती. दातापुढली खुंटी नव्हती. तुजी कानस माका वळाकता, दादा. तू अजून दाताक घासतसच."

मी पुढचा चमचा गिळला.

"बटण मातर माका दिसाक नाय. ता चांगला केलंस."

"तू कोणाक सांगलंस नाय?"

"दिवो दगडार ठेवलंय. धा पावला मागे गेलंय. सासरो वीस वर्सां दगडारच ठेवी, म्हणान कोणी कायएक इचारूक नाय."

खिडकीबाहेर आवारात कोणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत नेत होतं. तिने चमचा वाटीच्या काठावर पुसला. जिन्यावर पावलं वाजली. आम्हा दोघांनाही ती ओळखता आली.

"तेना तुका सांगल्यान असतला. चेन बदलूक," ती हलक्या आवाजात म्हणाली. "लवू असा सोडूचो नाय."

"होय."

"आणि तू तशीच दिलंस."

"होय."

पावलं वरच्या पायऱ्यांवर आली. शालनने माझ्या हनुवटीवर ओघळलेली पेज पदराने टिपली, जशी ती लहानपणी माझ्या हातावरचा लोखंडाचा कीस टिपायची, तशीच, हलक्या हाताने. मग माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मगे मधी आयलंस कशाक?"